तुझा हात खरं सांगत होता

ताई,

तू गेल्याचं कळल्यावर शेठचा फोन आला, तो तुझ्या पडद्याचं काय करायचं हे विचारायला. त्यांच्या पेणच्या गणपती कारखान्यात मागच्या खिडकीखाली जुन्या साडीचा पडदा लावून तुझ्यासाठी एक कोपरा केलेला होता. वीसेक वर्षं त्यात बसून तू मूर्तींचे डोळे काढलेस. आता तो पडदा काढायचा की राहू द्यायचा, हे त्यांना ठरवता येईना. मी म्हणालो, राहू द्या थोडे दिवस. एरवी शेठच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण त्या दिवशी नुसतं 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला तेव्हा रडू आलं. तू गेलीस तेव्हा आलं नव्हतं. दवाखान्याचे कागद, तुला गावी, जित्याला आणायची गाडी, कोणाकोणाला कळवायचं, यातच मी गुंतलो होतो. त्या पडद्याने घात केला.

आज पंधरा दिवस झाले. सुट्टी टाकून मी जित्याच्या घरी, तुझ्या खोलीत बसलोय. उद्या रोह्याला परत, परवा धाटावच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट. त्याआधी तुझ्याशी बोलून घेतो. बोलणं नकोसं झालं की तू सरळ उठून परसात निघून जायचीस. आता तसं जमणार नाही तुला, एवढा एक माझा फायदा.

लोक तुला येडी म्हणायचे. तोंडावर नाही, पण फार लांब जाऊनही नाही. भर मे महिन्यात कानाला रुमाल बांधून तू स्टेशनवर उभी राहायचीस. कोणी ओळखीचं दिसलं की प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जायचीस. माझ्या लग्नात तू मांडवाबाहेर आंब्याखाली उभी होतीस आणि अक्षता तिथूनच टाकल्यास. तुला विचारलं की आज कारखान्यात कोण आलं होतं, तर तू सांगायचीस की खिडकीतला उजेड आज डावीकडून जास्त होता, म्हणजे कोणीतरी आलं असणार, पण कोण ते उजेडालाच ठाऊक. मी वैतागायचो. मला एका नावात उत्तर हवं असायचं.

मूर्तीचे डोळे काढून झाले की तू ती भिंतीकडे तोंड करून ठेवायचीस. डोळे उघडल्यावर मूर्ती आपसात तुझ्याबद्दल बोलतात, असं तुझं म्हणणं. शेठने त्यावर कधी वाद घातला नाही. 'बोलू दे गो त्यांना, तू तुझं काम कर,' एवढंच म्हणायचे. बाकी कारागीर हसायचे. पण मोठी, मानाची मूर्ती असली की तीच माणसं ती उचलून तुझ्या पडद्यापाशी आणून ठेवायची. आखणी, म्हणजे डोळ्यांचं काम, सगळ्यात शेवटी होतं आणि तिथे एक रेघ चुकली तर महिनाभराची मेहनत फुकट. तू काढलेल्या डोळ्यांसमोर कुठेही उभं राहिलं तरी गणपती आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. मुंबईची गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, पडद्यावाल्या बाईंची आखणी आहे का. हे मी तुला सांगितलं की तू म्हणायचीस, 'त्यांना माझं काय ठावं?' आणि दोन दिवस काळजीत पडायचीस.

आणि ती मालगाडी. सकाळी तुझ्या पेणच्या गाडीच्या आधी जित्यावरून मालगाडी गेली, की त्या दिवशी डोळे काढायचे नाहीत. मग तू दिवसभर पितांबरं नाहीतर दागिने रंगवत बसायचीस. यावरून आपण किती भांडलो. मी म्हणायचो, रेल्वेचं टाइमटेबल तुझ्यासाठी बनवत नाहीत. तू म्हणायचीस, 'तू कंपनीत दिवसभर काटे बघतोस. काटा लाल पट्ट्यात गेला की पळतोस. मी मालगाडी बघते.' मी सांगायचो की काट्याच्या मागे प्रेशर असतं, खरंखुरं. तू विचारायचीस, 'बघितलंस कधी प्रेशर?' मी चिडायचो. हे भांडण आपलं मिटलंच नाही.

आई होती तोवर तुझं सगळं चालून जायचं. तिने तुझ्या दिवसाला खुंट्या ठोकून दिल्या होत्या. उठायचं कधी, जेवायचं कधी, कोणाकडे जायचं नाही, सगळं ठरलेलं. आई गेली आणि तू घरात एकटी पडलीस. झोप गेली, जेवण गेलं. मूर्ती तर बोलतच होत्या, आता शेजारच्या घरातला टीव्हीही तुझ्याबद्दल बोलायला लागला. मामांनी भगत आणला. तू त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीस, आणि खरं सांगतो, मला तुझं कौतुक वाटलं. मग मी तुला पेणला डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्या दर बुधवारी तिथे यायच्या.

मला वाटलं होतं पाच मिनिटांत चिठ्ठी देतील. त्यांनी तुला तीन वेळा बोलावलं आणि तिन्ही वेळा तासभर ऐकत बसल्या. मग नाव सांगितलं, स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व. मी घाबरलो, कारण त्यातला पहिला अर्धा शब्द मी टीव्हीवर ऐकलेला होता. त्या म्हणाल्या, हा तो आजार नाही, त्याच्या शेजारचा आहे. ताप आला आणि उतरला असं हे नसतं, माणसाची घडणच तशी असते. जवळ कोणी आलं की भीती वाटते, आणि ज्या गोष्टींना आपल्या लेखी काही अर्थ नसतो, त्यांत या माणसांना अर्थ दिसतो. मन फार घुसळलं तर थोडं औषध द्यायचं, बाकी बोलणं, ठरलेला दिवस आणि तिचं काम. मला बजावलं की मालगाडीवरून वाद घालायचा नाही. त्या दिवशी तुला किती भीती वाटते, तेवढं विचारायचं. मी इतकी वर्षं नेमकं उलटं करत आलो होतो.

औषध म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले, अगदी कमी, काही आठवड्यांपुरते. आणि मला म्हणाल्या, 'तिला सांगून द्या. नाही म्हणाली तर मला येऊन सांगा.'

तू नाही म्हणालीस. हात बिघडेल, एवढं एकच कारण दिलंस. 'हात गेला तर माझ्याकडं काय ऱ्हाईल?' मला ते नेहमीसारखंच वाटलं, उजेड आणि मालगाडीसारखं. तू चार चार दिवस झोपलेली नव्हतीस, गालाची हाडं वर आली होती. मी तुझा भाऊ होतो आणि मला घाई झाली होती. मी सुट्टी काढून जित्याला राहायला आलो, सकाळचा चहा मी करतो म्हणालो, आणि थेंब चहात घालायला लागलो. रंग नाही, वास नाही. तुला माझ्या हातचा चहा आवडायचा.

गुण आला, हे कबूल करायला हवं. तू झोपायला लागलीस. भात अंगी लागायला लागला. घरी रोह्याला सुनीताला मी फोनवर ऐटीत सांगितलं की ताई सुधारतेय.

पण तो आषाढ होता आणि कारखान्यात आखणीची घाई. तुझ्या रेघेत कंप आला. एकाचं बुबुळ जरा खाली, एकाची भुवई हललेली. गणपती समोर बघायचे सोडून माणसाच्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले.  मग शेठना मूर्तींची एक अख्खी फळी मागे घ्यावी लागली. डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात मारून त्या मूर्ती दुसऱ्या कारागिराकडे दिल्या. इतक्या वर्षांत तू काढलेल्या डोळ्यांवर कोणी पांढरा हात मारला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी येऊन तू म्हणालीस, 'सुऱ्या, माझ्या चहात कायतरी हाय.'

मी तुझ्यासमोर बसलो होतो. मी म्हणालो, 'ताई, हे तुझ्या डोक्यातलं आहे.'

माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोललोय. शिफ्टला दांडी मारायला मी दोन काका मारलेत. पण हे वाक्य मला आजही गिळता येत नाही.

तू तेच मॅडमनाही सांगितलंस. 'माझा हात मला सांगतोय,' म्हणालीस. मॅडमनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, तिला न सांगता देताय का काही? मी नाही म्हणालो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, माझ्यावर कोण अविश्वास दाखवणार. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, आता संशय घरच्या माणसावर आलाय, सांभाळून घ्या. तू जमिनीकडे बघत बसली होतीस.  आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तू मी दिलेला चहा प्यालीस. डॉक्टर म्हणतात, भाऊ म्हणतो, म्हणजे आपलंच चुकत असेल, असं धरून प्यालीस. मला त्या सकाळची लाज वाटते ताई, अजून वाटते.

आणखी चार दिवस मी तेच केलं. मग शेठकडे गेलो असताना ती फळी बघितली. बिनडोळ्यांचे गणपती रांगेने उभे होते. मी तिथून थेट मॅडमच्या गावी जाऊन त्यांना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं त्या झाडतील. त्या एवढंच म्हणाल्या, 'मनाला येतं ते सगळं खरं नसतं, हे आपण तिला शिकवतोय. आणि जे खरं होतं तेही आपण खोटं ठरवलं. आता ती ओळखणार कशावरून? तुम्हीच सांगायचं तिला. मी नाही सांगणार.'

मी तुला जिते स्टेशनवर सांगितलं, सकाळी, गाडीची वाट बघताना. घरात धीर होत नव्हता. माझी नजर रुळांवर होती आणि मी एका दमात सगळं बोललो. थेंब, चहा, मॅडमसमोरचं खोटं, सगळं. वाटलं की तू किंचाळशील, नाहीतर कायमचं नातं तोडशील. शोभलंही असतं.

तू विचारलंस, कुठल्या दिवसापासून. मी सांगितलं. तू बोटांवर दिवस मोजलेस, पुटपुटत एकेक मूर्ती आठवलीस, कुठल्या दिवशी कुठली भुवई हलली ते लावून बघितलंस. सगळं जुळलं. आणि मग तू हसलीस. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. म्हणालीस, 'म्हंजे माझा हात खरं सांगत व्हता.'

मी तिथे उभा राहून रडत होतो आणि तू हसत होतीस. बघणाऱ्यांनी त्या दिवशी मलाच येडा ठरवलं असेल.

पण खरी कमाल तू पुढे केलीस, आणि ती मॅडमच्या समोर केलीस म्हणून मला कळली. त्या बुधवारी तू आपणहून बोलायला लागलीस, आणि एकदाही उजेडाकडे वगैरे न वळता. म्हणालीस, 'चहाचं मला हातात कळलं. ब्रश धरला की दिसायचं, कोनालाबी दाखवता आलं असतं. मालगाडीचं कुठंच दिसत नाय. नुसतं छातीत भरतं.' मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या की खरी शंका आणि नुसती भीती यांतला फरक त्यांनाही इतक्या सोप्या शब्दांत सांगता आला नसता. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. आयटीआय झालेला, दिवसभर काटे वाचणारा माणूस, आणि स्वतःच्या मनात काटा कुठला आणि धडधड कुठली हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही. तू ते केलंस. जिला सगळ्यांनी जन्मभर 'तुला उगाच वाटतं' म्हणून सांगितलं, तिने, आणि तेही भावाचा दगा कळल्यानंतर आठ दिवसांत.

मग तू स्वतःच एक परीक्षा ठरवलीस. मालगाडी आधी गेलेल्या दिवशी एक मूर्ती. एकच, आणि वीतभर उंचीची, म्हणजे काही झालं तर थोडक्यात होईल. तो दिवस शेठ मला अजून सांगतात. सकाळी डोळे काढलेस आणि संध्याकाळपर्यंत त्या मूर्तीसमोर घामेजून बसून राहिलीस, काय होतंय ते बघत. काही झालं नाही. मॅडमना तू प्रामाणिकपणे सांगितलंस, 'काय झालं नाय, पन मला आवडलंबी नाय.' पुढच्या वेळी दोन काढल्यास. वर्षभरात मालगाडीचे दिवस आणि बाकीचे दिवस यांत शेठना फरक दिसेनासा झाला. कंपनीत लोक आग विझवायला धावलेले मी बघितलेत. त्यांच्या अंगात निदान जाड कोट असतो.

तू 'बरी' झालीस असं मी म्हणणार नाही. मूर्ती शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करूनच राहिल्या, रुमालही सुटला नाही. मी आजार म्हणायचो, तू 'माझा सोभाव' म्हणायचीस आणि मॅडम म्हणायच्या दोन्ही नावं चालतील, फक्त तिला त्रास किती होतो ते बघा. थेंबही तू पुढे घेतलेस, पण तुझ्या अटीवर. गणपती घरोघर गेल्यावर, कारखाना शांत असताना, स्वतःच्या हाताने मोजून. बाटली तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्याकडे. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तू रोह्याला आलीस आणि दहा मिनिटं घराच्या आत, माणसांत बसलीस. ती दहा मिनिटं तुला किती जड गेली ते मला दिसत होतं. केक खाऊन तू निघालीस आणि मी तुला आग्रह केला नाही. एवढं शिकलो होतो.

माझ्या हातचा चहा मात्र तू परत कधी घेतला नाहीस. राग नाय म्हणालीस. 'पन चहा माझा मी करते. आणि मला न सांगता काय करायचं नाय, सुऱ्या. कायपन असूंदे.' मी मान डोलावली. स्टेशनवर त्या दिवशी मी तुला सगळं सांगितलं, पण माफी मागितली नाही. कबुली दिली की माफी त्यातच आली, असं मी धरून चाललो. नंतर दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला मागू. ताई, मी चुकलो. नुसता घाबरून नाही चुकलो. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं अशी मला खात्री होती, म्हणून चुकलो. एवढं तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

मग या वर्षी पोटात ती गाठ निघाली. कापून काढण्यापलीकडे गेलेली. मोठ्या डॉक्टरांनी मला आणि मामांना बाहेर बोलावून सांगितलं. मामांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की तुला यातलं काही कळता कामा नये. अल्सर म्हणायचं. आपल्याकडे सगळे असंच करतात, मला ठाऊक आहे. 'आधीच तिचं डोकं नाजूक,' मामा म्हणाले, 'तिला झेपायचं नाय.' सुनीतालाही तेच वाटत होतं. सगळे तुझ्याशी गोड गोड बोलायला लागले. परिचारिका आली की बोलणं थांबायचं. दारात कुजबुज व्हायची आणि तू मान वळवलीस की सगळे हसायचे. तू पुन्हा झोपेनाशी झालीस. हाताला सलाईन, आणि डोळे सारखे दाराकडे. सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते, आणि या वेळी ते खरंच होतं.

मामा जेवायला खाली गेले होते. दुपार होती. तू मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, 'सगळी माझ्याबद्दल बोलतात. का माझ्या डोक्यातलं हाय?'

मी म्हणालो, 'नाही ताई. बोलतात.'

'काय बोलतात?'

मी सांगितलं. गाठ आहे, काढता येणार नाही, डॉक्टर फार दिवस म्हणत नाहीत. वाक्य एकही गाळलं नाही. तू ऐकून घेतलंस. किती दिवस ते विचारलंस, तेही सांगितलं. दुखेल का, ते विचारलंस. दुखेल, पण त्यावर इंजेक्शन आहे आणि ते देताना तुला सांगून देतील, हे मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतो, म्हणालो.  मग म्हणालीस, 'बरं झालं. मी म्हनलं परत मलाच उगाच वाटतंय.' आणि कुशीवर वळून डोळे मिटलेस.

मामा वर आले तेव्हा तुझा श्वास संथ चालू होता. चार दिवसांत पहिल्यांदा तू अशी झोपली होतीस. ते दारातच थांबले, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू आवाजात विचारलं, 'काय दिलंस रे तिला?'

'काही दिलं नाही मामा,' मी म्हणालो. 'तिला सांगितलं.'